हिवाळी युद्धाचा डायोरामा: बर्फ, टँक आणि रंगवलेले सैनिक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेल्या काही वर्षांत जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, शहादा अशा सगळीकडून मेसेज येतात आणि बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. प्रश्न तुमच्याच भाषेत ठेवलेत. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय तो बघून घ्या. माझा स्वतःचा चालू प्रोजेक्ट झोजीला १९४८ चा (काश्मीरमधून लडाखकडे जाणारी खिंड, पाकिस्तानबरोबरच्या पहिल्या युद्धातली लढाई) आहे म्हणून उदाहरणं बरीचशी तिथली आहेत.

१. भाऊ, डायोरामा म्हणजे नक्की काय? नुसता टँक बनवून ठेवला तर तो डायोरामा नाही का?

नाही. नुसता टँक म्हणजे मॉडेल. त्याच्याखाली थोडी जमीन केली की झाला बेस. डायोरामा तेव्हा होतो जेव्हा बघणाऱ्याला कळतं की इथे आत्ता काहीतरी चाललंय, आणि ते कळतं माणसांमुळे. म्हणून फिगर्स हव्यातच, दोन असल्या तरी चालतील. हिवाळ्याच्या डायोरामात तर जास्तच, कारण बर्फ नुसता पांढरा रंग आहे, थंडी दिसते ती माणसाच्या अंगावर. यावर प्रश्न १३ मधे सविस्तर लिहिलंय आणि खरं सांगायचं तर या पानावरचं तेच उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे.

२. पहिलाच करतोय, स्केल कोणता घेऊ? १:३५ की १:७२?

फिगर्स नीट रंगवायच्या असतील तर १:३५. पावणेसहा फुटाचा माणूस १:३५ मधे साधारण ५ सेंटीमीटरचा होतो, १:७२ मधे जेमतेम अडीच सेंटीमीटर. एवढ्याशा चेहऱ्यावर थंडीने लाल झालेलं नाक दाखवणं नवीन माणसाला जमत नाही, मग मन खट्टू होतं. १:७२ स्वस्त पडतो आणि जागा कमी लागते हे खरं, पण पहिल्यासाठी १:३५ चा एक छोटा टँक आणि तीन फिगर्स, एवढंच घ्या.

बेस मोठा करू नका. झोजीलावरचा स्टुअर्ट टँक खरा ४.८४ मीटर लांब, म्हणजे १:३५ मधे जवळपास १४ सेंटीमीटर. त्याला २० बाय २५ सेंटीमीटरचा बेस भरपूर झाला. मोठा बेस म्हणजे मोकळा पांढरा पसारा, आणि मोकळा पांढरा पसारा भरायला परत आणखी फिगर्स लागतात.

३. सगळे जर्मन टँकच का करतात? आपल्या सैन्याचा हिवाळी डायोरामा होऊ शकतो का?

होऊ शकतो आणि व्हायला पाहिजे. जर्मन जास्त दिसतात कारण किट त्यांचे जास्त निघतात. मॉस्को १९४१, स्टालिनग्राड १९४२-४३, आर्डेन्स (बेल्जियमकडचं जंगल) डिसेंबर १९४४ हे तीन विषय घेतले तर टँकपासून हातमोज्यापर्यंत सगळं तयार मिळतं. ते करू नका असं मी म्हणत नाही, शिकायला चांगलेच आहेत.

पण १ नोव्हेंबर १९४८ ला झोजीलावर जे झालं ते आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? साडेअकरा हजार फुटांच्या वरची खिंड, बर्फ, आणि तिथे ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट टँक वर चढवले. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, त्यांना सगळे 'स्पॅरो' म्हणायचे, आणि डिव्हिजन मेजर जनरल थिमय्यांची. गुपित राहावं म्हणून टँकचे टरेट (वरचा तोफेचा फिरता भाग) काढून, ताडपत्री टाकून जम्मूकडून काश्मीरमधे नेले. बालटालपासून वर खिंडीपर्यंत टँक जाईल असा रस्ता मद्रास सॅपर्सनी (सैन्यातल्या इंजिनियर तुकडीने) तयार केला, तोही शत्रूच्या माऱ्याखाली. एवढ्या उंचीवर टँक येईल असं समोरच्याच्या डोक्यातच नव्हतं. त्यानंतर द्रास, मग कारगिल घेतलं आणि लेहचा रस्ता मोकळा झाला.

यात डायोरामाचे तीन तरी विषय आहेत: चढावर अडकलेला टँक आणि त्याला वाट करून देणारे सॅपर्स, खिंडीपलीकडे गुमरीच्या खोऱ्यात उतरलेला टँक आणि मागे चालणारं पायदळ, किंवा टरेट काढलेला, ताडपत्रीखालचा टँक. तिसऱ्यात बर्फ लागत नाही पण विषय असा आहे की बघणारा विचारतोच, की हे काय आहे.

४. झोजीलासाठी किट कुठला घ्यायचा? भारतीय सैनिकांच्या फिगर्स तर मिळतच नाहीत.

टँकचा प्रश्न नाही. एम५ए१ स्टुअर्ट १:३५ मधे टॅमियाचा मिळतो, एएफव्ही क्लबचाही आहे. टॅमियाचा जोडायला सोपा.

फिगर्ससाठी दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळाचा सेट घ्या, ग्रेटकोटवाला मिळाला तर उत्तमच. १९४८ मधे आपलं सैन्य बरंचसं ब्रिटिश काळातलंच सामान वापरत होतं: ली-एनफिल्ड रायफल, ब्रेन गन, खाकी लोकरी बॅटलड्रेस. डोकं आणि चेहरा बदलायचा, बाकी अंग तेच चालतं. झोजीलावर लढलेल्या ब्रिगेडमधे पतियाळाची शीख पलटण होती, गोरखा होते, राजपूत होते, म्हणजे एकाच बेसवर तीन प्रकारचे चेहरे येऊ शकतात. पगडी कशी करायची ते प्रश्न १४ मधे.

टँकवरच्या खुणा आणि नंबर जुन्या फोटोत दिसतात तेवढ्याच लावा. फोटोत दिसत नाही ते किटच्या डिकल शीटवर (खुणांच्या स्टिकरच्या कागदावर) आहे म्हणून लावायचं नाही, ते नंबर अमेरिकन सैन्यातल्या टँकचे असतात. आणि कधी नगरला गेलात तर तिथलं टँक म्युझियम बघून या. खऱ्या टँकच्या बाजूला उभं राहिलं की ट्रॅक (चाकांवरचा लोखंडी पट्टा) किती झोल खातो, चिखल कुठे साचतो, रंग कुठल्या कडेचा आधी जातो हे जे कळतं ते शंभर फोटोंतून कळत नाही.

५. थर्माकोलचा बेस केला, त्यावर स्प्रे मारला तर खड्डे पडले. काय चुकलं?

स्प्रे कॅनमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. फेव्हिक्विक, थिनर, पेट्रोल यांनीही तेच होतं. थर्माकोल वापरायचाच असेल तर त्यावर आधी फेव्हिकॉल आणि टिश्यू पेपरचे दोन थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग वर पीओपी किंवा पुट्टी, आणि नंतर रंग. त्यातही एखादी जागा उघडी राहिली तर स्प्रे बरोबर तिथूनच शिरतो, त्यामुळे कडा नीट तपासा. त्यापेक्षा इन्सुलेशनचा दाट फोम मिळाला तर तो घ्या, कापताना मणी सुटत नाहीत आणि कटरने खडकाचे पैलू छान निघतात. स्प्रे मात्र त्यालाही चालत नाही.

खाली लाकडाची पाटी लावा. प्लायवूड किंवा एमडीएफला सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा, वॉर्निश मारा. एका बाजूने ओलं लावलं की पाटी वाकते, आणि आपल्याकडे वाळवीही आहे.

६. शेतातली माती चाळून वापरली तर चालेल ना? फुकट आहे.

आपली काळी माती नको. कपाशीची जमीन उन्हाळ्यात कशी भेगाळते ते बघता ना, बेसवर पण तेच करते. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते, आणि तुमचा बर्फ घेऊन फाटते. माझा एक अख्खा बेस असा गेला, दोन महिन्यांचं काम होतं.

वाळू वापरा. गिरणा-तापीची वाळू धुऊन, वाळवून, चहाच्या गाळणीने चाळून दोन-तीन जाडीच्या वेगळ्या डब्यांत भरून ठेवा. चिखल हवा असेल तर पुट्टी किंवा पीओपीत रंग आणि बारीक वाळू मिसळून करा. मुरूमही चालतो, फक्त तव्यावर कोरडा भाजून घ्या म्हणजे किडे-बुरशी राहत नाही. रंग मात्र आपल्या मातीचा ठेवू नका, झोजीलाकडचा खडक राखाडी-तपकिरी असतो.

७. मुख्य प्रश्न: बर्फ कशाचा करायचा? सगळे खाण्याचा सोडा सांगतात.

सोडा सांगतात कारण घरात असतो आणि पहिल्या दिवशी खरंच सुंदर दिसतो. पण तो पाण्यात विरघळणारा पदार्थ आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत ओल धरतो, वर पापुद्रा येतो, फेव्हिकॉलबरोबर कालांतराने पिवळसर पडतो. दोन-चार दिवस फोटो काढून मोडणार असाल तर खुशाल वापरा. वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर नको.

मी वापरतो ती संगमरवराची पावडर. टाइल्स आणि पीओपीवाल्यांकडे मिळते. रांगोळी तशीच वापरू नका, तिचा दाणा जाड असतो. हिशोब करून बघा, ०.३ मिलिमीटरचा दाणा १:३५ मधे एक सेंटीमीटरचा होतो, म्हणजे बर्फ नाही, गारा. पावडर वस्त्रगाळ करायची, जुन्या मलमलच्या तुकड्यातून, आणि तोंडाला मास्क लावून.

मग मिश्रण: दोन भाग पावडर, एक भाग मॅट मीडियम (अॅक्रिलिक रंगात मिसळायचं, चमक नसलेलं द्रव; नसेल तर फेव्हिकॉल), थोडा पांढरा अॅक्रिलिक रंग. पाणी थेंब थेंब टाकत श्रीखंडासारखं झालं की थांबायचं. हा पहिला थर, याने बर्फाचे उंचवटे करायचे, ओल्या ब्रशने कडा गुळगुळीत करायच्या. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी तेच मिश्रण थोडं पातळ करून परत एक हात, आणि ते ओलं असतानाच वरून कोरडी पावडर चहाच्या गाळणीतून भुरभुरायची. ताजा पडलेला बर्फ या शेवटच्या कोरड्या थराने दिसतो, आधीच्या दोन थरांनी नाही. ज्यांना आणखी हलका, भुसभुशीत बर्फ हवाय त्यांनी काचेचे मायक्रोबलून बघावेत, फायबरग्लासचं काम करणाऱ्यांकडे असतात, पण ते इतके बारीक असतात की श्वासातून थेट फुफ्फुसात जातात, त्यामुळे चांगला मास्क आणि पंखा बंद, याशिवाय डबा उघडूच नका.

विदेशी कंपन्यांचा तयार बर्फही ऑनलाइन मिळतो, चांगला असतो, महाग पडतो. मी तो फक्त फिगर्सच्या खांद्यावर आणि टोपीवर वापरतो.

आणि रंग. नुसता पांढरा टाकला की बर्फ चुन्यासारखा दिसतो. आपल्या आया पांढऱ्या कपड्याला नीळ द्यायच्या ना, पांढरं जास्त पांढरं दिसावं म्हणून, बर्फाला पण तेच लागतं. खालच्या थरात अल्ट्रामरीन निळ्याचा अगदी सुईच्या टोकाएवढा अंश, वरचा थर पांढरा. खड्डे आणि टँकच्या सावलीची बाजू किंचित निळसर राहते आणि बर्फाला खोली येते. कपड्याची नीळ मात्र टाकू नका, ती ओल लागली की पसरते.

८. आपल्याकडे कापूस एवढा पिकतो, कापसाचा बर्फ का नाही करायचा?

कापसाला तंतू असतात, बर्फाला नाहीत. कितीही दाबा, कडेला लव दिसतेच आणि स्केल तिथेच मोडतं, शाळेतल्या प्रदर्शनासारखं होतं. पण कापूस फेकू नका, टँकच्या एक्झॉस्टचा धूर किंवा गोळा फुटल्याचा धूर करायला तो उत्तम, पिंजून विरळ करायचा आणि राखाडी रंगाचा हलका स्प्रे मारायचा. पऱ्हाट्याही (कपाशीची वाळलेली झाडं) कामाच्या आहेत, प्रश्न ११ बघा.

९. बर्फ किती जाड टाकायचा? माझा टँक बुडल्यासारखा दिसतोय.

आधी ठरवा की बर्फ कधी पडलाय. आज सकाळी? चार दिवसांपूर्वी? मग जाडी आपोआप ठरते. खरा एक फूट बर्फ १:३५ मधे ९ मिलिमीटरपेक्षा थोडा कमी येतो. गुडघाभर म्हणजे दीड सेंटीमीटरच्या आत-बाहेर. बहुतेक जण तीन-चार सेंटीमीटर टाकतात, म्हणजे माणूस कमरेपर्यंत गाडला जाईल एवढा, आणि फिगर मात्र आरामात उभी.

झोजीलाच्या हल्ल्याच्या वेळी नोव्हेंबर नुकताच लागला होता, भर जानेवारीसारखा डोंगर बुडालेला नाही. खडक उघडे, खोबणीत आणि सावलीत बर्फ साचलेला, रस्ता तुडवून चिखल झालेला. पंधरा टनांच्या आसपासचा टँक जिथून गेला तिथे पांढरं राहतच नाही. स्टुअर्टचा ट्रॅक साधारण ३० सेंटीमीटर रुंद, म्हणजे बेसवर ८ मिलिमीटरचे दोन पट्टे, आणि त्या पट्ट्यांत बर्फ दाबलेला, मळलेला, कडेला ढकलून वर आलेला. हे पट्टे मिश्रण अर्धवट ओलं असताना किटमधल्या जास्तीच्या ट्रॅकच्या तुकड्याने दाबून काढा. बुटांचे ठसेही तसेच, एक जुनी फिगर फक्त ठसे काढायला ठेवून द्या.

१०. आधी बर्फ की आधी टँक-फिगर्स? क्रम काय?

जमीन करा, रंगवा, टँकला चिखल लावून पूर्ण करा. टँक बेसवर चिकटवा. मग बर्फाचे पहिले दोन थर टँकच्या चाकांपर्यंत आणा. फिगर्स वेगळ्या रंगवून पायाला पिन लावून ठेवा, शेवटच्या ओल्या थरात रोवा, आणि भुरभुरणं सगळ्यात शेवटी, सगळ्यांवर एकदमच. बर्फ जमिनीवर आहे पण टँकच्या डेकवर नाही, किंवा टोपीवर आहे पण खांद्यावर नाही, असं मग होत नाही. इंजिनच्या वरचा भाग मात्र कोरडा किंवा ओला ठेवा, गरम लोखंडावर बर्फ टिकत नाही.

११. झाडं कशाची? पाइनची झाडं बनवता येतील का?

आधी बघा तिथे झाडं होती का. गुमरीच्या खोऱ्यात झाडं नाहीत, नुसता खडक. तिथे पाइन लावला तर जाणकार माणूस लगेच पकडेल. खाली बालटालच्या बाजूचा सीन असेल तर सूचिपर्णी झाडं चालतात, आणि आर्डेन्स तर जंगलच आहे.

खोडासाठी कपाशीच्या पऱ्हाट्यांची बारीक मुळं आणि वाळलेल्या तुळशीच्या काड्या यांच्या तोडीचं दुकानात काही मिळत नाही. आधी फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर फांद्या झडतात. वाळलेलं गवत आणि टँकवरचे दोर केळीच्या खांबाच्या धाग्यातून काढा, रावेर-यावलकडच्यांना तर अंगणातच मिळेल. शेकोटीची राख हवी असेल तर वांगी भरितासाठी भाजली की पऱ्हाट्यांची जी राख उरते ती चाळून ठेवा, रंग अगदी बरोबर येतो.

१२. टँकला पांढरा हिवाळी रंग कसा देऊ? हेअरस्प्रेचं काय ते नीट सांगा.

रशियन आणि जर्मन टँकना हिवाळ्यात वरून चुन्यासारखा धुऊन जाणारा पांढरा रंग द्यायचे, ब्रशने, झाडूने, हाताला येईल त्याने. आर्डेन्समधे अमेरिकनांनीही दिला, आणि हेमरूल नावाच्या बेल्जियन गावातून तर लोकांच्या चादरी मागून आणून त्या पांघरल्या. म्हणजे पांढरा रंग कधीच एकसारखा नव्हता, कडांवरून, हॅचजवळून, जिथे बूट पडतात तिथून तो निघालेलाच असायचा.

पद्धत अशी: मूळ रंग पूर्ण करा, वॉर्निश मारून एक दिवस ठेवा. त्यावर स्वस्तातला हेअरस्प्रे दोन हलके हात. तो वाळला की पांढरा अॅक्रिलिक पातळ करून मारा. मग कोमट पाण्याने ओलं करून जुन्या टूथब्रशने किंवा टूथपिकने हळू घासा, खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि पांढरा तुकड्या-तुकड्याने सुटतो. आपल्याकडच्या उन्हात अर्ध्या तासाच्या आत घासायला घ्या, दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर रंग घट्ट बसतो, सुटत नाही.

झोजीलाच्या स्टुअर्टना असा पांढरा रंग देऊ नका, नुसता हिरवा टँक आणि त्यावर पडलेला बर्फ. बर्फातल्या खडकात हिरवा टँक जास्त उठून दिसतो.

१३. सगळं बरोबर केलं, बर्फ पण चांगला झाला, तरी थंडी वाटतच नाही. का?

कारण फिगर्स उन्हाळ्यातल्या आहेत. किटमधल्या बहुतेक फिगर्स छाती काढून, पाय फाकवून, हात लांब करून उभ्या असतात. थंडीतला माणूस असा उभा राहतो का?

डिसेंबरात गव्हाला रात्रीचं बारं द्यायला गेलाय का कधी? लाइट रात्रीचीच असते, धुळ्याकडे पारा सहा-सातवर येतो, पाय पाण्यात. मी लहानपणी वडिलांबरोबर जायचो. ते उभे राहायचे ते मला अजून दिसतं: खांदे कानापर्यंत वर आलेले, मान आत, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, दोन्ही हात काखेत नाहीतर तोंडाजवळ, गुडघे किंचित वाकलेले आणि वजन सतत या पायावरून त्या पायावर. शेकोटीजवळ बसलेला माणूस हात पुढे करतो पण तोंड बाजूला फिरवतो, धुरामुळे. हे सगळं तुम्हाला माहितीये, बघितलेलं आहे, फक्त फिगर बनवताना आठवत नाही.

म्हणून फिगरच्या खांद्याचा जोड कापा आणि हात वर, आत घ्या. मान करवतीने कापून एक-दोन मिलिमीटर खाली बसवा, फट एपॉक्सी पुट्टीने (एम-सीलसारख्या) भरा. कॉलर वर उचला. एकाच्या डोक्याला बालाक्लाव्हा (माकडटोपी) किंवा मफलर. एवढ्याने फिगर गारठते. झोजीलावरच्या जवानांकडे त्या उंचीच्या थंडीला पुरतील असे कपडे नव्हते, आणि ते लढले. त्यांच्या खांद्यात ते दिसलं पाहिजे असं मला फार वाटतं, आणि मी एका फिगरवर दोन-दोन आठवडे घालवतो ते त्यासाठीच.

आता चेहरा. आपल्या त्वचेसाठी बेस बर्न्ट सिएनात यलो ओकर आणि थोडा पांढरा. सावलीला बर्न्ट अंबर आणि कणभर अल्ट्रामरीन. उजेडाला नुसता पांढरा मिसळू नका, चेहरा पावडर लावल्यासारखा फिका पडतो, ओकर आणि थोडा गुलाबी मिसळा. थंडी शेवटी: पाण्यासारखा पातळ केलेला क्रिमसन नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर, कानावर आणि बोटांच्या पेरांवर, दोन-तीन वेळा, दर वेळी वाळू देऊन. ओठ लाल नकोत, जांभळट-राखाडी. दाढी केलेल्या गालाला निळसर राखाडीची अगदी पातळ झाक.

डोळे? १:३५ मधे थंडीतला आणि बर्फाच्या चकाकीतला माणूस डोळे बारीक करूनच बघतो. नुसती एक गडद तपकिरी रेघ ओढा. डोळ्याचा पांढरा भाग आणि बुबुळ काढत बसलात तर चेहरा दचकलेला दिसतो.

१४. पगडी कशी करायची? एम-सील चालेल का?

चालेल, मी सुरुवात त्यानेच केली, फक्त ते लवकर कडक होतं म्हणून थोडं थोडंच मळा. टोपीशिवायचं डोकं घ्या. आधी बारीक गोळा करून डोक्याचा आकार द्या, तो कडक होऊ द्या. मग पुट्टी टाल्कम पावडर लावलेल्या पाटीवर लाटून कागदासारखी पातळ करा, दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या कापा आणि खऱ्या पगडीसारख्याच एकावर एक तिरप्या गुंडाळा, कपाळावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मधे येऊन मिळतात. ओल्या टूथपिकने घड्या. एका वेळी दोनच पट्ट्या. दाढीसाठी पुट्टीवर सुईने रेघा. रंगवताना दाढी काळीकुळकुळीत नको, काळ्यात गडद तपकिरी मिसळा.

१५. मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो. उन्हाळ्यात काम बंदच ठेवायचं का?

भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे गेला की पॅलेटवरचा अॅक्रिलिक मिनिटभरही टिकत नाही, हे खरंय. वेट पॅलेट करा: झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओला स्पंज किंवा टिश्यूच्या घड्या, वर बटर पेपर. रंग बटर पेपरवर काढा, खालून ओल मिळत राहते, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो. एअरब्रशला थिनर थोडा जास्त आणि सुईचं टोक सारखं पुसत राहा. आणि वेळ पहाटेची, पाच ते आठ.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: कूलरसमोर स्प्रे किंवा वॉर्निश मारू नका. कूलरची हवा दमट असते, आणि मग प्रश्न १६ मधलं होतं, भर उन्हाळ्यात.

१६. मॅट वॉर्निश मारल्यावर सगळ्या फिगर्सवर पांढुरकी साय आली. गेलं का सगळं?

बहुतेक वेळा नाही. हवेतला दमटपणा वॉर्निशमधे अडकला की असं होतं, पावसाळ्यात हमखास. पूर्ण वाळू द्या, मग कोरड्या दिवशी त्यावर ग्लॉस वॉर्निशचा एक पातळ हात द्या, बऱ्याचदा साय विरते. त्यानंतर परत मॅट, पण ऊन पडलेलं असताना. जून ते सप्टेंबर मी स्प्रे वॉर्निश वापरतच नाही, ब्रशने लावायचं अॅक्रिलिक मॅट वापरतो. आणि बर्फ टाकल्यानंतर वॉर्निश कधीच मारायचं नाही, बर्फाचा भुसभुशीतपणा जातो.

१७. बर्फाच्या लोंबत्या कांड्या कशा करायच्या?

पारदर्शक स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची काडी) मेणबत्तीवर दुरून गरम करून ओढा, टोकदार धागा होतो, तो कापून चिकटवा, वर यूव्ही रेझिनचे (अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या पारदर्शक रेझिनचे) थेंब. टँक चढावर तिरका असला तरी कांडी सरळ खालीच लोंबते, हे विसरतात लोक. आणि ती तिथेच होते जिथे आधी बर्फ वितळलाय, म्हणजे छपराची कड, इंजिनच्या मागचा भाग. सगळीकडे लावू नका.

१८. कारगिलचा डायोरामा करतोय, सगळीकडे बर्फ टाकला तर चालेल ना?

नाही चालणार. कारगिलचं युद्ध मे ते जुलै १९९९ मधलं आहे. तोलोलिंग जूनमधे घेतलं, टायगर हिल ४ जुलैला. फोटो बघा, उघडे तपकिरी डोंगर, वरच्या शिखरांवर आणि घळींत बर्फाचे पट्टे, खाली द्रासच्या रस्त्यावर बोफोर्सच्या आजूबाजूला तर हिरवं गवतही दिसतं. तो थंड डायोरामा आहे, हिवाळी नाही. पूर्ण बर्फ हवाच असेल तर सियाचीन घ्या, १९८४ पासून तिथे आपले जवान आहेत, पण कपडे, बूट, तंबू सगळं वेगळं, १९४८ चं काहीच चालणार नाही.

१९. रेझांग ला करायचाय. मृत सैनिक दाखवणं योग्य आहे का?

हा प्रश्न तीन-चार जणांनी विचारलाय आणि प्रत्येक वेळी मी थांबून उत्तर दिलंय. १८ नोव्हेंबर १९६२, चीनबरोबरचं युद्ध, लडाखमधली रेझांग ला खिंड, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग, ११४ जवान गेले. काही महिन्यांनी बर्फ कमी झाल्यावर जेव्हा लोक वर पोचले तेव्हा ते आपापल्या मोर्च्यात, हातात हत्यार घेऊन, गोठलेले सापडले.

दाखवायला हरकत नाही, पण रक्त दाखवू नका. बर्फावर लाल रंग टाकला की बघणाऱ्याची नजर फक्त तिथेच जाते आणि माणूस बाजूला राहतो. शत्रू न दाखवता केलं तरी चालेल. दगड रचलेला मोर्चा, रायफल धरलेला एकच जवान, खांद्यावर आणि रायफलच्या नळीवर सारखाच बर्फ साचलेला. जिवंत माणसाच्या अंगावर बर्फ असा एकसारखा साचत नाही, तो हलतो, झटकतो, श्वासाने तोंडाजवळचा वितळतो. इथे चेहऱ्यावरही भुरभुरा, आणि प्रश्न १३ मधला लाल रंग अजिबात नाही. खाली पाटीवर पलटणीचं नाव आणि तारीख, बस.

२०. आधीच सोड्याने केलेला डायोरामा पिवळा पडलाय. वाचवता येईल?

वरचा सुटा थर मऊ ब्रशने आणि फुंकणीने काढा. जे घट्ट बसलंय त्यावर पांढऱ्या अॅक्रिलिकचा हात, वाळला की मॅट मीडियम, मग प्रश्न ७ मधला संगमरवराचा शेवटचा थर. फिगर्स उपटायला जाऊ नका, घोट्यातून तुटतात. कागद गुंडाळून झाका.

२१. धूळ फार बसते. आणि प्रदर्शनाला एसटीने न्यायचा तर कसा?

बर्फावरची धूळ पुसता येत नाही, म्हणून केस पहिल्या दिवसापासून हवीच. अॅक्रिलिक शीटची पाच बाजूंची पेटी नेमप्लेटवाल्यांकडे मापाने करून मिळते. आत सिलिका जेलची एक-दोन पाकिटं, ती बर्फामागे लपतात. खिडकीसमोर ठेवू नका, पश्चिमेची तर नकोच.

नेताना बेस खालून दोन स्क्रूने खोक्याच्या तळाला घट्ट करा, वर फोम भरू नका, आत काही हललं तर फोम फिगरची मान मोडतो. एसटीत मागची सीट नको, मधली घ्या आणि खोकं मांडीवर. टँकची अँटेना आणि रायफली ज्या नुसत्या चिकटवलेल्या आहेत त्या काढून वेगळ्या डबीत न्या, सोबत चिमटा, फेव्हिक्विक आणि बर्फाच्या पावडरीची एक छोटी बाटली, कारण पोचल्यावर कुठेतरी थोडा बर्फ झडलेला असतोच.